‘बीमचं ध्रुवीकरण ८५ टक्के’ हा आकडा येतो कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळून विखुरण्याच्या, शोधनिबंधांत ‘बीमचं ध्रुवीकरण ८५ टक्के’ एवढं एका ओळीत लिहून लोक पुढे जातात. डिटेक्टर तर फक्त ‘एक कण आला, आणखी एक आला’ इतकंच सांगतो, त्याला स्पिन (कणाचा अंगभूत, फिरकीसारखा गुणधर्म) दिसत नाही. मग हा आकडा मोजला कसा? स्पिननुसार कण वेगळे करणारं स्टर्न-गेर्लाखचं चुंबक सरळ का लावत नाहीत? आणि टक्कर झाल्यावर बाहेर पडणाऱ्या कणाचा स्पिन हवा असेल तर काय करायचं?

माझं काम बरीच वर्षं पोलरीमीटरवरच, म्हणजे ध्रुवीकरण मोजणाऱ्या यंत्रावरच, चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डावीकडच्या आणि उजवीकडच्या डिटेक्टरच्या काऊंटमधला (नोंदलेल्या कणांच्या संख्येतला) फरक मोजणं तुलनेनं सोपं असतं. त्या फरकाला कोणत्या संख्येनं भागायचं, हे ठरवण्यात आमचा जवळजवळ सगळा वेळ जातो. खाली जे काही आहे ते त्या भाजकाभोवतीच फिरतं.

आधी आकड्याचा अर्थ लावू. ८५ टक्के ध्रुवीकरण म्हणजे ८५ इलेक्ट्रॉन ‘वर’ आणि १५ ‘खाली’, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. एक दिशा ठरवायची, त्या दिशेला समांतर स्पिन असलेले आणि उलट स्पिन असलेले इलेक्ट्रॉन मोजायचे, आणि त्यांच्या फरकाला बेरजेनं भागायचं, ही ध्रुवीकरणाची व्याख्या. म्हणजे ८५ टक्क्यांसाठी दर शंभरात सरासरी ९२.५ वर आणि ७.५ खाली लागतात. हा गुणधर्म पूर्ण बीमचा आहे. एकट्या इलेक्ट्रॉनचं ‘ध्रुवीकरण’ आम्ही कधीच मोजत नाही, लाखो इलेक्ट्रॉनांच्या आकडेवारीतून ते काढतो. शिवाय ही सदिश राशी आहे, त्यामुळे कोणत्या दिशेचा घटक मोजला हे सांगितल्याशिवाय आकडा अर्धवट राहतो.

आता स्टर्न-गेर्लाख. १९२२ मध्ये त्यांनी चांदीचे अणू वापरले. अणूंवर विद्युतभार नव्हता, म्हणून तो प्रयोग जमला. इलेक्ट्रॉनवर भार आहे, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात त्याच्यावर लॉरेंट्झ बल येतंच. तुम्ही म्हणाल, ते बल सगळ्यांवर सारखंच येईल, मग बीम नुसता वळेल आणि तरीही दोन भागांत फुटेल. पण क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवता येत नाही. उभ्या दिशेत क्षेत्र बदलतं ठेवलं, तर मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार आडव्या दिशेतही ते तितकंच बदलतं. बीमला थोडी तरी रुंदी असणारच, त्यामुळे त्याच्या दोन कडांवरच्या इलेक्ट्रॉनांवर वेगवेगळं उभं बल येतं. बलातला हा पसारा आणि स्पिनमुळे येणारं बल यांचं गुणोत्तर मांडून पाहा. ते साधारण ४π गुणिले बीमची रुंदी भागिले इलेक्ट्रॉनची तरंगलांबी इतकं येतं. १०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.१२ नॅनोमीटर असते आणि बीमची रुंदी त्याच्या कित्येक हजार पट. म्हणजे फाटा पडायच्या आधीच सगळं पुसट होऊन जातं. प्रवेगकातल्या बीमसाठी हा मार्ग बंदच समजा.

उपाय नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये सुचवला: इलेक्ट्रॉन एखाद्या जड अणुकेंद्रावर आपटवा. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीनं पाहिलं तर केंद्राचा मोठा धनभार त्याच्या बाजूनं वेगानं जातो, आणि हलणारा भार म्हणजे चुंबकीय क्षेत्र. या क्षेत्राचा इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णावर परिणाम होतो. केंद्राच्या डावीकडून जाताना हे क्षेत्र एका दिशेला असतं, उजवीकडून जाताना उलट दिशेला. म्हणून स्पिन ‘वर’ असलेला इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त विखुरतो आणि ‘खाली’ असलेला दुसऱ्या बाजूला. परिणाम ठळक दिसायचा असेल तर केंद्र जड हवं आणि इलेक्ट्रॉन त्याच्या अगदी जवळून जायला हवा, म्हणजे विखुरण्याचा कोन मोठा हवा. म्हणूनच सोनं वापरतात: अणुक्रमांक ७९, पातळ फॉईल सहज करता येते आणि ती गंजत नाही. ही कल्पना प्रयोगात उतरायला मात्र वेळ लागला. १९३० च्या दशकातले बरेच प्रयत्न फसले, आणि १९४३ मध्ये शल, चेस आणि मायर्स यांनी ४०० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) इलेक्ट्रॉनांवर दोनदा स्कॅटरिंग करून तो परिणाम निर्विवाद दाखवला.

सूत्र एका ओळीचं आहे. डावे काऊंट वजा उजवे काऊंट, भागिले एकूण काऊंट, ही असममिती. असममिती म्हणजे ध्रुवीकरण गुणिले विश्लेषणक्षमता, आणि ही विश्लेषणक्षमता हाच तो भाजक. मॉट स्कॅटरिंगमध्ये या विश्लेषणक्षमतेला शर्मन फलन म्हणतात. नोआ शर्मन यांनी १९५६ मध्ये त्याचे तक्ते गणितानं काढले. १०० केईव्ही आणि १२० अंशांच्या आसपास सोन्यासाठी त्याचं मूल्य सुमारे ०.४ असतं (चिन्ह ऋण, पण ते दिशांच्या संकेतावर अवलंबून आहे, म्हणून पुढे मी फक्त आकार धरतो). म्हणजे पूर्ण ध्रुवीकृत बीम आला तरी डाव्या-उजव्यातला फरक ४० टक्केच दिसेल.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते आकड्यांतच पाहू. समजा खरं ध्रुवीकरण ०.८० आहे आणि शर्मन फलन ०.४०, तर असममिती ०.३२ यायला हवी. पण डावा डिटेक्टर उजव्यापेक्षा १० टक्के जास्त कार्यक्षम आहे, आणि स्पिन ‘खाली’ असताना बीमचा प्रवाह ५ टक्के जास्त आहे. प्रयोगशाळेत असे फरक रोजचेच. मग काऊंट असे मिळतील: स्पिन वर असताना डावीकडे १४,५२० आणि उजवीकडे ६,८००, स्पिन खाली असताना डावीकडे ७,८५४ आणि उजवीकडे १३,८६०.

फक्त पहिली जोडी घेतली तर असममिती ०.३६२ येते, म्हणजे ध्रुवीकरण ०.९०५. फक्त दुसरी घेतली तर ०.६९. नुसता डावा डिटेक्टर धरून दोन स्थितींची तुलना केली तर ०.७४५. बीम एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही चूक. आता चारही आकडे एकत्र वापरा. १४,५२० गुणिले १३,८६० या गुणाकाराला ६,८०० गुणिले ७,८५४ नं भागा आणि वर्गमूळ काढा. १.९४१ मिळेल. त्यातून १ वजा करून आलेल्या संख्येला, १.९४१ मध्ये १ मिळवून येणाऱ्या संख्येनं भागा. उत्तर बरोबर ०.३२०. डिटेक्टरची कार्यक्षमता अंशात आणि छेदात एकेकदा येते आणि कटते, प्रवाहातला फरकही तसाच कटतो. याला क्रॉस-रेशो पद्धत म्हणतात. पोलरीमीटरवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी आधी हे हातानं करायला लावतो, कारण कोणती त्रुटी आपोआप कटते आणि कोणती उरते हे त्यातून कायमचं डोक्यात बसतं.

या पद्धतीसाठी स्पिन उलटा करता यायला हवा, आणि उलटवताना बाकी काहीही हलता कामा नये. आजचे बीम गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोकॅथोडवर वर्तुळ-ध्रुवीकृत लेसर टाकून तयार होतात. लेसरच्या वाटेतल्या पॉकेल्स सेलवरचा (व्होल्टेजनं प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलणाऱ्या स्फटिकावरचा) व्होल्टेज उलटवला की प्रकाशाचं ध्रुवीकरण उलटतं आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनांचा स्पिनही. हे सेकंदाला अनेक वेळा करता येतं, त्यामुळे तापमान किंवा व्होल्टेज हळूहळू सरकला तरी फरक पडत नाही. शिवाय अधूनमधून लेसरच्या वाटेत प्रकाशाचं ध्रुवीकरण उलटवणारी अर्ध-तरंग पट्टी घालतात. पट्टी आत गेली की भौतिक असममितीचं चिन्ह उलटलं पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक्समधून शिरलेली खोटी असममिती मात्र जागची हलत नाही. पट्टी आत आणि बाहेर असतानाच्या आकड्यांची बेरीज शून्याजवळ आली नाही, तर मी त्या दिवशीचा डेटा पुढे जाऊ देत नाही.

क्रॉस-रेशोनं न कटणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिली डेड टाइमची: जास्त काऊंट येणारा डिटेक्टर जास्त वेळ आंधळा राहतो, त्यामुळे मोठा आकडा थोडा दबतो आणि असममिती खऱ्यापेक्षा कमी दिसते. दुसरी बॅकग्राऊंडची: फॉईलऐवजी चेंबरच्या भिंतीवरून उसळून आलेले इलेक्ट्रॉन असममिती पातळ करतात. तिसरी, स्पिन उलटताना बीमची जागा किंवा कोन किंचित हलणं. या तिन्हींची दुरुस्ती वेगळी मोजूनच करावी लागते.

आता पुन्हा भाजकाकडे. शर्मनचे तक्ते एका मोकळ्या अणूसाठी आहेत, फॉईलमध्ये अणूंचे थर असतात. इलेक्ट्रॉन आधी ६० अंशांतून आणि मग पुन्हा ६० अंशांतून वळून १२० अंशांवर आला, तर डिटेक्टरला तो एकदाच विखुरल्यासारखा दिसतो, पण त्याची स्पिनविषयक संवेदनशीलता बरीच कमी असते. म्हणून जाड फॉईलचं प्रभावी शर्मन फलन तक्त्यापेक्षा कमी येतं. उपाय असा: वेगवेगळ्या जाडीच्या फॉईल लावायच्या, प्रत्येकीची असममिती मोजायची, आलेख काढायचा आणि शून्य जाडीपर्यंत वाढवून वाचायचा. ऐकायला साधं वाटतं. पण आलेख सरळ रेषेत नसतो आणि शून्याजवळ तो कसा वळतो हे कोणतं सूत्र बसवलं त्यावर ठरतं. सगळ्यात पातळ फॉईलला काऊंट कमी मिळतात, म्हणजे जिथे बिंदू सर्वात अचूक हवा तिथेच तो सर्वात डळमळीत असतो. तिथे जास्त वेळ घालवायला माझी कधीच हरकत नसते. ऊर्जेची निवड जितकी काटेकोर तितकी अडचण कमी होते, कारण वाटेत ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन वगळता येतात. अमेरिकेतल्या जेफरसन लॅब या प्रवेगक प्रयोगशाळेचं मॉट पोलरीमीटर ५ एमईव्हीला (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) चालतं, तिथे सर्वोत्तम कोन जवळजवळ सरळ मागे, १७२.६ अंश. त्या ऊर्जेला फॉईलमधलं अनेकवार स्कॅटरिंग बरंच कमी त्रास देतं, आणि त्यांनी १ टक्क्याच्या आतली अचूकता गाठली आहे.

मॉटची एक मर्यादा आधीच लक्षात ठेवा. ते फक्त स्कॅटरिंगच्या प्रतलाला लंब असलेला घटक मोजतं. स्पिन जर बीमच्या दिशेनंच असेल तर डावं-उजवं असा फरक पडायला कारणच उरत नाही. आरशात पाहिल्यासारखं प्रतिबिंब घ्या: गतीच्या दिशेतला स्पिन उलटतो, काऊंट मात्र तेवढेच राहतात, आणि विद्युतचुंबकीय आंतरक्रिया आरशातही तशीच असते. म्हणून असा घटक असममितीत येऊच शकत नाही. फोटोकॅथोडमधून निघताना स्पिन बीमला समांतर असतो, त्यामुळे मॉटपर्यंत जाण्याआधी तो आडवा करावा लागतो. त्यासाठी वीन फिल्टर असतो: एकमेकांना लंब विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, त्यांतून इलेक्ट्रॉन सरळ जातो आणि स्पिन तेवढा वळतो.

इथपर्यंतचं सगळं थोड्या एमईव्हीपर्यंत ठीक. जीईव्हीमध्ये (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) गेलं की मोठ्या कोनावर मॉट स्कॅटरिंगचे काऊंट नगण्य होतात आणि वेगळी साधनं लागतात. त्यात आणखी एक गुंता असतो, स्पिन वाटेत फिरतो. इलेक्ट्रॉनचा जी-गुणांक (त्याच्या चुंबकत्वाचं स्पिनशी असलेलं प्रमाण) नेमका २ नसल्यामुळे, चुंबकात बीम एका कोनातून वळला की स्पिन त्याच्यापेक्षा जास्त वळतो, आणि हा जादा कोन म्हणजे बीमच्या वळणाचा कोन गुणिले ऊर्जा भागिले ४४०.६५ एमईव्ही. ११ जीईव्हीला हा गुणक २५ आहे. म्हणजे बीम १ अंश वळला की स्पिन त्याच्या सापेक्ष २५ अंशांनी फिरतो. अनेक वळणं घेऊन बीम प्रयोगकक्षात पोचेपर्यंत स्पिन कित्येक फेऱ्या मारून आलेला असतो. ‘उगमाजवळ मोजलं, तेच इथे लागू’ असं म्हणता येत नाही ते यामुळे. ध्रुवीकरणाचा आकार बहुधा टिकतो, दिशा मात्र बदलते, आणि प्रयोगाला उपयोगी पडतो तो त्या दिशेतला घटकच.

जीईव्हीमध्ये दोन पर्याय आहेत. पहिला मोलर पोलरीमीटर: बीममधला इलेक्ट्रॉन लोखंडाच्या चुंबकित फॉईलमधल्या इलेक्ट्रॉनवर आदळतो. दोन्ही स्पिन समांतर आहेत की विरुद्ध, यावर टकरीचं प्रमाण अवलंबून असतं. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत ९० अंशांवर विश्लेषणक्षमता ७/९ येते, आणि हा आकडा क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्समधून थेट मिळतो, कोणत्याही अणूच्या प्रारूपाची गरज लागत नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वेळी पकडता येत असल्यानं बॅकग्राऊंड जवळजवळ उरत नाही. इतकं ऐकून हेच सर्वोत्तम वाटेल. पण लोखंडाच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी फक्त दोनेक इलेक्ट्रॉन चुंबकत्वात भाग घेतात, म्हणून फॉईलचं सरासरी ध्रुवीकरण ८ टक्क्यांच्या आसपास असतं. ७/९ ला त्यानं गुणलं की हाती उरतं ०.०६२.

याचा काऊंटवर काय परिणाम होतो पाहा. ध्रुवीकरण ०.८० आहे आणि ते अर्ध्या टक्क्याच्या सांख्यिकी अचूकतेनं हवं आहे. वरच्या मॉटमध्ये त्यासाठी साधारण साडेतीन लाख काऊंट पुरतात. मोलरमध्ये १.६ कोटी लागतात. कारण विश्लेषणक्षमता वर्गात येते: ती निम्मी झाली तर काऊंट चौपट हवेत. तरी काऊंट जमवणं हा वेळेचा प्रश्न आहे, तो सुटतो. न सुटणारा प्रश्न पुन्हा भाजकाचाच आहे: फॉईलचं ध्रुवीकरण ८ टक्के म्हणजे नेमकं किती? लोखंड संपृक्त झालं आहे, म्हणजे याहून जास्त चुंबकित होऊ शकत नाही, याची खात्री हवी, म्हणून फॉईल बीमला लंब ठेवून ३ ते ४ टेस्लाचं क्षेत्र लावतात. बीमनं फॉईल तापली की चुंबकत्व घटतं, म्हणून प्रवाह अगदी कमी ठेवावा लागतो, मुख्य प्रयोगाच्या प्रवाहापेक्षा फारच कमी. आणि लेव्चुक परिणामही आहे, १९९४ मध्ये लक्षात आणून दिलेला. लोखंडाच्या आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन स्थिर नसतात. त्यांचा संवेग १०० केईव्हीच्या घरात असतो आणि त्यामुळे टकरीनंतरचे कोन पसरतात. बाहेरचे, चुंबकत्व देणारे इलेक्ट्रॉन त्या मानानं शांत. डिटेक्टरची खिडकी अरुंद असेल तर आतल्या इलेक्ट्रॉनांवरच्या टकरी जास्त निसटतात आणि फॉईल जणू जास्त ध्रुवीकृत असल्यासारखी वागते. हा फरक काही टक्क्यांचा असू शकतो, म्हणजे दुरुस्ती न करता लिहिलेला अर्ध्या टक्क्याचा दावा निरर्थक ठरेल.

दुसरा पर्याय कॉम्प्टन पोलरीमीटर. समोरून येणाऱ्या वर्तुळ-ध्रुवीकृत लेसरवर बीम आदळवायचा आणि मागे उसळलेला फोटॉन किंवा ऊर्जा गमावलेला इलेक्ट्रॉन मोजायचा. इथे लक्ष्य प्रकाशाचं, म्हणजे तापणं नाही, बीम बिघडत नाही, आणि प्रयोग पूर्ण प्रवाहावर चालू असतानाच मोजणी होते. लेसरचं ध्रुवीकरणही जवळपास १०० टक्के ठेवता येतं. मग मोलरची गरजच काय? ऊर्जा. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरसाठी १.१६ जीईव्हीला फोटॉनची कमाल ऊर्जा फक्त ४६ एमईव्ही आणि तिथली असममिती सुमारे ४ टक्के. ११ जीईव्हीला तोच फोटॉन ३.१ जीईव्हीपर्यंत जातो आणि असममिती ३२ टक्क्यांच्या घरात. म्हणजे ऊर्जा जितकी जास्त तितकं कॉम्प्टन सुखाचं. शिवाय असममिती फोटॉनच्या ऊर्जेप्रमाणे बदलते, कमी ऊर्जेला तर तिचं चिन्हही उलटतं, म्हणून डिटेक्टरचा प्रतिसाद नीट ठाऊक असावा लागतो. आणि लेसर निर्वात नळीतल्या पोकळीत असतो, तर ध्रुवीकरण मोजायची साधनं बाहेर. मधली खिडकी ताणामुळे ध्रुवीकरण बदलते, त्यामुळे आत नेमकं किती आहे हे परत येणाऱ्या प्रकाशावरून ठरवतात. हे सगळं जुळवून जेफरसन लॅबमध्ये २ जीईव्हीच्या आसपास ०.३६ टक्के सापेक्ष त्रुटीपर्यंत पोचले आहेत.

इथे थोडं एकत्र करतो. मॉट: कमी ऊर्जा, आडवा स्पिन, भाजकातली अडचण फॉईलची जाडी. मोलर: जीईव्ही, समांतर स्पिन, अडचण लोखंडाचं ध्रुवीकरण. कॉम्प्टन: जास्त ऊर्जा, समांतर स्पिन, अडचण लेसरचं ध्रुवीकरण आणि डिटेक्टरचा प्रतिसाद. तिघांच्या त्रुटींची मुळं वेगळी आहेत, आणि मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. जेफरसन लॅबमध्ये २००० साली पाच पोलरीमीटर एकाच बीमवर लावून तुलना केली गेली. वीन फिल्टरनं स्पिनची दिशा टप्प्याटप्प्यानं फिरवली आणि प्रत्येक पोलरीमीटरवर घटक कोसाइनसारखा वर-खाली होताना नोंदवला. त्या कोसाइनची उंची म्हणजे ध्रुवीकरणाचा आकार, आणि शिखराची जागा म्हणजे वाटेत स्पिन किती फिरला. एकाच पोलरीमीटरवर विसंबून दिलेल्या आकड्यापेक्षा अशा तुलनेतून आलेल्या आकड्यावर मी कधीही जास्त विश्वास ठेवेन.

पृष्ठभागांच्या अभ्यासात, म्हणजे फोटोउत्सर्जित किंवा दुय्यम इलेक्ट्रॉनांचा स्पिन मोजताना, चित्र वेगळं असतं. तिथे बीम नसतो, मोजकेच इलेक्ट्रॉन असतात. २० ते २५ केईव्हीला चालणारी छोटी मॉट यंत्रं वापरतात, पण आत आलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी फारच थोडे डिटेक्टरपर्यंत पोचतात. यंत्राची गुणवत्ता म्हणजे विश्लेषणक्षमतेचा वर्ग गुणिले पोचणाऱ्यांचं प्रमाण, आणि ती दहा हजारांत एक इतकी असते. म्हणजे ध्रुवीकरणात ०.०१ ची अचूकता हवी तर आत १० कोटी इलेक्ट्रॉन पाठवावे लागतात. ऑक्सिजनचा थर दिलेल्या लोखंडी स्फटिकावर अगदी कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन परावर्तित करणारे नवे डिटेक्टर जवळजवळ शंभर पट चांगले आहेत. त्यांचा पृष्ठभाग मात्र जुना होतो आणि भाजक पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो.

शेवटचा भाग, टकरीनंतरचा कण. जीईव्हीमध्ये विखुरलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन सहसा कोणी मोजत नाही, प्रोटॉनचा मोजतात. ध्रुवीकृत इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर आदळला की उसळलेल्या प्रोटॉनला ध्रुवीकरण मिळतं. तो स्पेक्ट्रोमीटरमधून नेऊन कार्बनच्या ठोकळ्यात पाठवतात आणि ठोकळ्याच्या आधी व नंतर त्याचा मार्ग नोंदवतात. कार्बनवर तो कोणत्या बाजूला जास्त वळला, यावरून स्पिनचे आडवे घटक कळतात. तत्त्व मॉटचंच, फक्त बल अणुकेंद्रीय. गतीच्या दिशेतला घटक इथेही दिसत नाही, पण स्पेक्ट्रोमीटरच्या चुंबकात प्रोटॉनचा स्पिन फिरतो आणि तो घटक आडवा होऊन येतो. इलेक्ट्रॉनच्या बीमला त्रास देणारं स्पिनचं फिरणं इथे कामी येतं.

या पद्धतीतली मला फार आवडणारी गोष्ट अशी. प्रोटॉनच्या विद्युत आणि चुंबकीय आकार-घटकांचं (भार आणि चुंबकत्व आत कसं पसरलं आहे ते सांगणाऱ्या राशींचं) गुणोत्तर हवं असेल तर आडव्या आणि समांतर ध्रुवीकरणांचं गुणोत्तर पुरतं. कार्बनची विश्लेषणक्षमता आणि बीमचं ध्रुवीकरण दोन्ही घटकांत सारखंच असल्यामुळे गुणोत्तरात ते कटून जातात. ज्या भाजकासाठी एरवी इतकी धडपड, त्याची गरजच उरत नाही. जेफरसन लॅबमधल्या अशाच मोजणीचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त काऊंटदरावरून काढलेल्या जुन्या मोजण्यांत हे गुणोत्तर, योग्य प्रमाणात मांडल्यावर, १ च्या आसपास स्थिर दिसत होतं. स्पिनवरून काढलेलं गुणोत्तर संवेग-हस्तांतराच्या (टकरीत प्रोटॉनला मिळालेल्या संवेगाच्या) वर्गाबरोबर उतरत गेलं, ३.५ जीईव्ही वर्गाजवळ ०.६ पर्यंत. दोन्हीत इतका फरक का, याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण दोन फोटॉनांच्या देवाणघेवाणीचं आहे, आणि त्याच्या चाचण्या अजून चालू आहेत.

तुमच्या प्रयोगासाठी काय योग्य, हे तीन गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही: बीमची ऊर्जा किती, प्रवाह किती, आणि ध्रुवीकरण किती टक्क्यांपर्यंत नेमकं हवं आहे. पाच टक्के चालत असतील तर एक मॉट किंवा मोलर पुरेल, फॉईलच्या जाडीचा किंवा चुंबकत्वाचा हिशोब एकदा नीट करा. एका टक्क्याच्या आत जायचं असेल तर दोन वेगळ्या तत्त्वांची पोलरीमीटरं आणि वीन फिल्टरनं केलेली तुलना सुरुवातीपासूनच वेळापत्रकात धरा. बीमचा वेळ मागताना हे दिवस वगळले तर नंतर ते मिळत नाहीत. आकडे कळवलेत तर काऊंट किती लागतील ते वरच्यासारखं मांडून देतो.